खिडकीजवळचं माझं टेबल

सोमवार, ४ मार्च. दुपारी अडीच.
जेवण कोपऱ्यावरच्या हॉटेलात, नेहमीच्या टेबलावर. दारात लोक ताटकळलेले, पण खिडकीजवळचं सहा जणांचं टेबल माझ्या एकट्यासाठी रिकामं. वर्षभरात एकदाही खाडा नाही. मालक तोंडाने काही बोलत नाही. आदर असा मुकाच असतो.
सूप आजही गार. सूचना कागदावर लिहिली, खाली 'एक हितचिंतक' अशी सही. (नावाचा हव्यास नाही.) वेटरने न वाचता नीट घडी घालून खिशात ठेवली. मालकाचा कागद नोकराने वाचायचा नसतो, हे त्याला कळतं. मुरलेला माणूस.

बुधवार, ६ मार्च.
मुलीच्या होणाऱ्या सासू-सासऱ्यांना शनिवारी जेवायला बोलावलंय. पहिलीच भेट. ही म्हणाली, घरी करू. मी म्हणालो, हॉटेलात नेऊ, मालक माझ्या शब्दाबाहेर नाही. मुलीचं म्हणणं एवढंच की बाबांनी त्यांच्यासमोर बढाया मारू नयेत. मी कधी मारल्या?
तरी संकल्प : बढाई बंद.

गुरुवार, ७ मार्च.
व्याह्यांना फोन. मला विचारल्याशिवाय तिथे मेनू छापत नाहीत, असं सांगितलं. ही बढाई नव्हे, माहिती.

शुक्रवार, ८ मार्च. संध्याकाळी सहा.
वेटरला उद्याचं सांगून आलो. सहा माणसं, माझंच टेबल. त्याने तीनदा विचारलं, तेच हवंय का? आतलं घ्या म्हणत होता. खिडकीतून वारा लागेल म्हणून असेल. किती जपतात! मी ठाम राहिलो.

रविवार, १० मार्च. सकाळी सात.
झोप नाही. लिहून टाकतो.
मालक टेबलापाशी आला. मी छाती पुढे काढली. त्याने मला विचारलं, पहिल्यांदाच आलात का? मी व्याह्यांना म्हणालो, भारी थट्टेखोर माणूस आहे. मालक हसला नाही.
सूप आलं. व्याह्यांनी कोपर टेकलं आणि टेबल कललं. माझं सूप सरळ विहीणबाईंच्या मांडीवर. गार होतं म्हणून भाजलं नाही. वर्षभर ज्याची तक्रार केली त्यानेच अब्रू वाचवली, असं वाटलं. पण कुठली?
वेटर टेबलाखाली शिरला. आखूड पायाखाली खोचलेला कागदांचा गठ्ठा निसटला होता. तो वर ठेवला. व्याही हौशी, उलगडून मोठ्याने वाचू लागले. सूप गार. पाव शिळा. सूप पुन्हा गार. एक हितचिंतक. अकरा कागद, सगळे माझ्या अक्षरात.
वेटर बिचारा सांगत सुटला की हे टेबल डुगडुगतं म्हणून ते कुणालाच देत नाहीत. साहेब आपणहून येऊन बसतात, उठा कसं म्हणायचं?
मला त्याचं काही नाही. जावई खोकल्याचं नाटक करत होता, त्याचंही नाही. मुलगी ताटात बघत बसली आणि घरी येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाही, तेवढं लागलं.

सोमवार, ११ मार्च.
व्याह्यांचा फोन, हिने घेतला. मी भिंतीला टेकून उभा. लग्न मोडलं तर माझ्या तोंडामुळे, हे मलाही कळत होतं.
मोडलं नाही. पुढचं जेवण तुमच्या घरी, म्हणाले. विहीणबाई अजून आठवून आठवून हसताहेत. माझ्याबद्दल काय म्हणाले, ते मी हिला दोनदा विचारलं. माणूस साधा आहे, म्हणाले. आणखी? आणखी काही नाही.

शनिवार, १६ मार्च. दुपारी दीड.
ऑफिस अर्धा दिवस. धीर करून हॉटेलात गेलो. सुताराने टेबलाचा पाय नीट केलाय. तिथे सहा जणांचं कुटुंब जेवत होतं, टेबल जागचं हलत नव्हतं. वेटर वही घेऊन पुढे आला. वीस मिनिटं थांबावं लागेल, नाव काय लिहू? वर्षभरात पहिल्यांदाच त्याने माझं नाव विचारलं.
न सांगताच घरी आलो. मुलीने काही न विचारता सूप तापवून पुढे ठेवलं आणि समोर बसली. मीठ जरा कमी होतं.
सूचना काही नाही.