चौगुल्याने लावलेली बोली

१४ ऑक्टोबर १९४६, सोमवार

पुन्हा गळतंय! या खेपेला थेट हेखालवर — आमचे सेफेर, धर्मशास्त्राच्या गुंडाळ्या, ज्या कपाटात असतात त्याच्या डोक्यावर. प्रार्थना चालवणाऱ्या हजानने खाली परात ठेवली आहे. देवाच्या घरात परात! ओरडलो त्याच्यावर, "अहो, कपाट तरी सरकवा." तर म्हणतो, "चौगुलेसाहेब, ते भिंतीतलं आहे. भिंत सरकवू का?"

चौगुला झालो आणि फसलो. दिवसभर पोस्टात लोकांच्या मनीऑर्डरी करायच्या आणि संध्याकाळी मशिदीच्या पेटीची किल्ली सांभाळायची. यहुदी इस्राएल लोकांच्या प्रार्थनाघराला आम्ही मशीदच म्हणत आलो, त्यावरून पडवीतल्या खोलीचा भाडेकरू मोहियोद्दीन शिंपी नेहमी चेष्टा करतो — "हस्केलभाई, नाव आमचं, पत्रे तुमचे, गळती दोघांची." भाडं मागितलं की मात्र विनोद संपतो त्याचा.

पत्र्याच्या फंडात एकशे ब्याऐंशी रुपये आहेत. कंट्रोलचे पत्रे मजुरीसकट तीनशेच्या खाली येत नाहीत. समाजाचे मुकादम शमुवेल नाना म्हणाले, "सिम्हाथ तोराला बोली लागेल ना, घाबरता काय!" खरंच त्या एका सणावर आमचं वर्ष चालतं. वर्षाचं वाचन त्या दिवशी संपतं. शेवटचा उतारा ज्याच्या नावे वाचायचा तो हातान तोरा, त्या दिवसाचा नवरदेव. सेफेर छातीशी धरून तो पुढे आणि सगळी मशीद त्याच्या मागे गात फिरते. तो मान कोणाला? भिंतीवर नियम लावला आहे, नानांच्याच टपोऱ्या अक्षरात: ज्याची बोली मोठी त्याचा मान. गेल्या वर्षी पंचवीस रुपयांना गेला. पंचवीस रुपयांत पत्र्याचे खिळेसुद्धा यायचे नाहीत.

१५ ऑक्टोबर

मुसाजी झिराडकर पोस्टात आला होता. लढाईवरून परतला, आता कोल्हारच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. भर उन्हातही तो खाकी कोट अंगावरून उतरत नाही! खिडकीतून डोकं आत घालून म्हणतो, "चौगुलेसाहेब, बोली समद्यांना मोकळी हाय न्हवं?"

"भिंतीवर काय लिहिलंय?"

"ते वाचलं मी. तुमच्या तोंडून ऐकायचं हाय."

"मोकळी आहे," म्हटलं. मागे रांग खोळंबली होती, त्याला कसं तरी वाटेला लावायचं होतं.

पण गडी हलेना. पलटणीत असताना रजेवर यरुशलेमला गेला होता, ते सांगत बसला. तिथल्या एका लहानशा प्रार्थनाघरात लोकांनी त्याला पुढे बोलावलं आणि सेफेर त्याच्या हातात दिला. "कोन तू, कुठला, काय न्हाई! इस्राएल हायेस ना, मग धर. आता आईला दाखवायचं हाय. ती लई थकली. बायकांच्या पडद्याआडून एकदा दिसलं तिला म्हंजे झालं."

मुसाजी काळा इस्राएल. म्हणजे काय, तर त्याच्या आजीचं कूळ निराळं. बस, एवढंच. आमच्याइतकाच तो शब्बाथ पाळतो, आमच्यापेक्षा चांगलं गातो. पण तो मागे बसतो, दाराजवळ. शब्बाथचा मनुकांच्या रसाचा प्याला त्याच्याकडे सगळ्यांच्या शेवटी जातो. सेफेर त्या लोकांच्या हातात कधी गेला नाही. हे कुठल्याही भिंतीवर लिहिलेलं नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार

नानांनी घरी बोलावलं. मुसाजी बोली लावणार हे त्यांच्या कानावर गेलं होतं. दोन शब्दांवर थांबणारे नाना आज बोलायचे थांबेनात.

"नियम मोडायचा नाही, हस्केल. नियम मोडला तर उद्या कोण विश्वास ठेवणार आपल्यावर?"

"मग?"

"नियमानेच करायचं. तुम्ही बोली लावा. त्याच्या वर."

"नाना, घरात चार मुली आहेत लग्नाच्या! मी कुठून —"

"तुम्ही नुसतं बोला. भरायचं ते फंड भरेल."

आधी मला कळलंच नाही. कळलं तेव्हा हसू आलं. "समाज फुटेल," नाना म्हणाले. "बदल होईल हो, सगळं बदलेल. पण माझ्या डोळ्यांदेखत नको."

मी हो म्हटलं नाही. नाहीसुद्धा म्हटलं नाही. चहा पिऊन आलो.

आज सूर्यास्तापासून दोन दिवस सण, त्याला लागूनच शब्बाथ. शनिवारी तारे दिसेपर्यंत लेखणीला हात लावायचा नाही. बरंच आहे.

१९ ऑक्टोबर, शनिवार — शब्बाथ सुटल्यावर

बोली लावली. मी!

गुरुवारी संध्याकाळी मशीद गच्च भरली होती. पारनेरहूनसुद्धा एक कुटुंब आलं होतं. हजानने पुकारलं, "हातान तोरा!" सणाच्या दिवशी ना पैशाला हात लावायचा, ना काही लिहायचं. तोंडाने बोलायचं आणि सगळ्यांनी ऐकायचं, तेच आमचं दस्तऐवज. दाराजवळून आवाज आला, "पंचवीस." पहिलीच बोली! माना वळल्या. मुसाजी उभा होता, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून.

नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीकडे पाहिलं.

"तीस," कोणीतरी बोललं. तो मीच होतो.

"चाळीस."

"पन्नास."

"पंच्याहत्तर," मुसाजी. लोक कुजबुजायला लागले. मला कधी कोणी पाच रुपयांच्या वर बोलताना ऐकलेलं नाही. आणि खरं लिहू? नव्वद म्हटलं तेव्हा मला मजा वाटली! दुसऱ्याच्या पैशाने श्रीमंत होणं किती सोपं! जीभ अशी सुटली की जणू जन्मभर सावकारी केली.

"एकशे पंचवीस," मुसाजी म्हणाला, अगदी हळू. ते त्याचं शेवटचं होतं, कोणालाही कळलं असतं. मी तिथे थांबू शकलो असतो. पत्रे आले असते, म्हातारीने पाहिलं असतं, आकाश काही कोसळलं नसतं.

"एकशे एक्कावन्न."

मुसाजी मोठ्याने हसला. "घ्या, चौगुलेसाहेब! तुमच्याफुडं आपलं काय चालतंय!" आणि पहिल्यांदा टाळ्यांचा ठेका कोणी धरला, तर त्याने. गाणंही त्यानेच उचललं. मी सेफेर घेऊन निघालो. मागच्या रांगेशी आलो तेव्हा त्याने दोन बोटं सेफेरवरच्या मखमलीला लावली आणि ओठांना टेकवली. मी पावलं भराभर उचलली.

घरी आल्यावर सिपोरा म्हणाली, "अहो, मुसाजींच्या आईने पडद्यामागून तुमच्यावरून कडाकडा बोटं मोडली. म्हणाली, चौगुल्यांना कोनाची दृष्ट नको लागाया." मग विचारलं, "पण एवढे पैसे आणणार कुठून?"

"होईल काहीतरी," म्हटलं.

२० ऑक्टोबर

नानांनी आणि मी पेटी उघडली. पत्र्याच्या फंडातून एकशे एक्कावन्न काढले, माझ्या हातात दिले. मी ते बोलीचे म्हणून परत नानांना दिले. बोलीचे पैसे यंदा कशात जमा करायचे? पत्र्याच्या फंडात! झाले परत एकशे ब्याऐंशी.

"बघा," नाना म्हणाले, "ना कोणाचं गेलं, ना कोणाचं आलं."

मुसाजीचे सव्वाशे आले असते तर आज सुताराला बोलावलं असतं. ते नानांना सुचलं नाही की सुचून गप्प बसले, देव जाणे. आम्ही मशिदीला मशिदीच्याच पैशाने हरवलं! असा शहाणपणा नगर जिल्ह्यात दुसरा कोणी करणार नाही.

२३ ऑक्टोबर

लाज वाटते लिहायला.

दुपारी मुसाजी आला. खिडकीवर नाही — आत, माझ्या टेबलाशी. कोटाच्या खिशातून रुमालाची गाठ काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"पंच्याहत्तर हायेत. निम्मं माझं."

"कशाचं निम्मं?"

"मला समजाया पायजे हुतं. तुमची नोकरी ती केवढी, चार पोरी घरात. मी आपला हट्टाला पेटून चढवत गेलो, अन् तुमी मानापायी वर वर जात ऱ्हायलात. आई लई बोलली मला. म्हनली, तुझ्यापायी त्या भल्या मानसाचं घर बसंल."

मी म्हणणार होतो... काय म्हणणार होतो? तोंड उघडलंसुद्धा. बाहेर त्याच्या क्लीनरने भोंगा वाजवला. "नको म्हनू नका," म्हणाला आणि निघून गेला.

घेतले मी! मागे धावलो नाही, हाक मारली नाही. रुमाल उचलून खिशात टाकला. संध्याकाळपर्यंत मांडीला त्याचा भार जाणवत होता. असा हलकट माणूस मी जन्मात पाहिला नाही, आणि रोज सकाळी त्याची दाढी करतो!

२४ ऑक्टोबर

सिपोराला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. वाटलं, ऐकलंच नाही. मग म्हणाली, "चोरी केली असतीत तर परवडलं असतं. चोराच्या हाती निदान काही तरी लागतं."

जेवण गेलं नाही. तिनेही आग्रह केला नाही.

२५ ऑक्टोबर

रविवारी वार्षिक सभा. हिशेब मीच वाचणार. नानांना निरोप पाठवला — मी सगळं बोलणार आहे. उलट निरोप आला: "प्रकृती सांभाळा."

२७ ऑक्टोबर, रविवार

बोललो!

सभा मशिदीतच, हेखालसमोर. वर्गणी भरलेल्या सगळ्यांना मत, बायका पडद्यामागून ऐकतात. भाडं वाचलं, तेल वाचलं. बोलीपाशी आलो आणि कागद खाली ठेवला. म्हटलं, हे एकशे एक्कावन्न माझे नव्हते. फंडातून काढून फंडात टाकले. मुसाजी झिराडकरांच्या हातात सेफेर जाऊ नये म्हणून. त्यांची बोली खरी होती, माझी खोटी. मान त्यांचा होता, मी तो चोरला. आवाज फुटत होता, डोळे वाहत होते. पण थांबलो नाही. रुमालाची गाठ नेऊन मुसाजीच्या हातात दिली. त्याने ती उघडून पाहिली नाही. त्यानंतर त्याच्याकडे बघवेना.

मला वाटलं होतं, आता आरडाओरडा होईल. किल्ली हिसकावून घेतील. व्हायलाच हवं होतं! नाना शांतपणे उठले. "चौगुले भावनेच्या भरात बोलले. त्यांनी जे केलं ते समाजाच्या एकोप्यासाठी केलं. सभेने ते मान्य करावं, असा ठराव मांडतो."

मान्य! मी खाईतून बाहेर यायला हात पुढे केला, तर त्यांनी खाईलाच मखर बांधलं. आणि मोजायचं काम चौगुल्याचं, म्हणजे माझंच. ठरावाच्या बाजूने? हात वर गेले — हजान, पारनेरवाले, माझा सख्खा मेहुणा. अकरा. ठरावाच्या विरुद्ध? मी सगळीकडे नजर फिरवली. कोणी नाही. लिहिलं: सर्वानुमते मंजूर.

संताप आला मला सगळ्यांचा! एवढं उघडं करून सांगितलं आणि एकाचाही हात विरुद्ध वर जाऊ नये? एका माणसाला लाज वाटू नये? मी माझ्यापुरता तरी मोकळा झालो. आज कित्येक दिवसांनी पोटभर जेवलो. झोपही लागेल.

२८ ऑक्टोबर

सकाळी चहाचा पेला ठेवताना सिपोराने विचारलं, "काल मुसाजींचा हात का मोजला नाहीत?"

"कुठला हात?"

"विरुद्ध कोण, असं विचारलंत तेव्हाचा. आम्ही सगळ्या पडद्यातून बघत होतो. केवढा वेळ वर होता बिचाऱ्याचा! त्यांनी वर्गणी भरली नाही का?"

भरली आहे. पावतीवर माझीच सही आहे.

त्याच्याकडे बघवेना, असं काल लिहिलं ते खोटं. हात मला दिसला होता. खाकी बाही, सरळ वर. तो मोजायचा असतो, हे मनातच आलं नाही.