निळ्या शेवंडीचे स्नान

मु. पो. कोरेगाव
पौष वद्य प्रतिपदा, १९७४

प्रिय मित्र धनपाल यास,

ज्ञानूचा रामराम आणि तुमच्या रीतीने जयजिनेंद्र. कस्तुरीवहिनींचा गुडघा थंडीत धरतो का? इकडे साळूबाईसह सगळे खुशाल. बिघडले ते माझे मन.

कांदाही न खाणाऱ्या माणसापुढे हा विषय काढू नये, पण तुमच्या विश्रामबागेतल्या कॉलेजात बाटल्यांतले प्राणी तूच सांभाळतोस. आमच्या दादासोंचा लालासाहेब आरमारातून रजेवर आला तो एक वाळवलेली शेवंड घेऊन (समुद्रातला हातभर झिंगा समज). रंग निळा! मोराच्या गळ्यासारखा. लाखांत एखादीच अशी निघते म्हणे. दादासोंनी ती ओट्यावर चौरंगावर मांडली आणि बाया ‘किसनदेवाचा रंग’ म्हणून नारळ ठेवू लागल्या. बावीस वर्षे मी एकादशीला देवळात पोथी वाचतो. चाळीस माणसे बसत. या एकादशीला दोनच: धोंडुबाई (तिला ऐकू येत नाही) आणि गुरव (त्याला जाता येत नाही).

माझी खात्री, हा ऑइलपेंट. पण चोरून खरवडायला मन धजेना. मग सुचले, पौषात आपण देवाला ऊन पाण्याने न्हाऊ घालतो. भरल्या ओट्यावर म्हणालो, “आवं दादासो, थंडीत देव पारोसा ठेवलाय?”

“व्हय की रं गड्या! ध्यानातच न्हाई आलं. तूच घाल आंघूळ.”

मी ऊन नाही, खळखळते पाणी आणले. परातीत शेवंड ठेवून वरून हंडा रिता केला. पाण्यात रंग उतरला नाही. शेवंडच लालबुंद झाली. मी चप्पल शोधू लागलो, तोच दादासोंनी हात जोडले, “मारुतीराया परगटला!”

लालासाहेब हसून लोळला. “आवं काका, शिजली ती!” त्याने समजावले, ते असे: तांबडा रंग प्रत्येक शेवंडीच्या कवचात असतोच, दुसरे एक द्रव्य त्याला मिठी मारून झाकून ठेवते. एखादीत ते द्रव्य जन्मतःच जास्त, म्हणून ती निळी. कढत पाण्याने मिठी सुटते. ऐकले मी एकट्याने. बाकीचे शेंदूर आणायला पळाले. गर्दी आता दुप्पट आहे, त्यात धोंडुबाईसुद्धा. मत्सराचे पाणी ओतावे तर दुसऱ्याचेच झाड वाढते, हे पांडुरंगाने दाखवले. माझे मन आता निवळले आहे.

तुझा,
ज्ञानू

ता. क. उत्तर बंद पाकिटातून लिही. आमचा पोस्टमन गुंडा कार्डे आधी दादासोंच्या ओट्यावर वाचून दाखवतो.

ता. क. दुसरा. शेवंड पिवळीही असते, असे लालासाहेब बोलून गेला. तुमच्या कपाटात एखादी (आपोआप मेलेली) असल्यास पुढच्या एकादशीआधी पाठव. खंडोबाची म्हणता येईल. निळी त्यांची होती, लाल मीच करून दिली. तिसरी तरी माझी असू दे. आंघोळ गार पाण्याने घालीन.