झाड क्रमांक ४१७ चा बुडखा

प्रति,
मा. उपअधीक्षक,
वृक्ष व पदपथ विभाग,
दुसरा मजला, जिन्याच्या डाव्या हाताची खोली
(पाटीवर ‘उजवीकडे’ असे लिहिले आहे)

विषय : झाड क्रमांक ४१७ चा जमिनीत उरलेला बुडखा मुळांसह खणून नेण्यास परवानगी मिळणेबाबत. (अर्ज चौथा)

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे तीन अर्ज.
२) आपले पत्र : ‘सदर झाड अस्तित्वात नाही.’
३) आपले पत्र : ‘सदर झाडास इजा पोहोचवू नये.’

महोदय,

१. मी व्यवसायाने सुतार असून माझे दुकान सदर बुडख्यापासून अकरा पावलांवर आहे. पदपथ रुंद करण्यासाठी आपल्या विभागाने गेल्या वर्षी ते झाड तोडले व सरळ खोड ट्रकमधून नेले. बुडखा कोणालाच नको होता, म्हणून तो जागेवर राहिला. रुंद झालेल्या पदपथाच्या मधोमध तो असल्याने लोक आता रस्त्यावरून चालतात. नियोजनाबद्दल अभिनंदन.

२. पहिल्या अर्जावर आपण कळवले की, नोंदवहीत झाड तोडलेले दिसते, सबब जे नाही ते नेण्यास परवानगी देता येत नाही. हे मला पटले. दुसऱ्या अर्जात मी नम्रपणे विचारले की, जे नाही ते मी उचलले तर हरकत कोणाची? त्यावर पंधरा दिवसांत (आपल्या कार्यालयाचा हा विक्रम असावा) बुडख्याभोवती लोखंडी कठडा बसला, ‘झाडे वाचवा’ अशी पाटी लागली आणि रखवालदार नेमला गेला. तिसऱ्या अर्जापासून माळीही येतो. तो रोज सकाळी बुडख्याला दोन बादल्या पाणी घालतो. विचारले तेव्हा म्हणाला, “वर झाड आहे की नाही ते साहेब बघतील, मला पाणी घालायला सांगितलंय.” माणूस सज्जन आहे. त्याच्या सज्जनपणामुळे लाकडाला बुरशी धरू लागली आहे.

३. “बुडख्यात काय असतं हो, जाळायचं लाकूड,” असे आपल्या कनिष्ठ लिपिकांनी मला सर्वांसमक्ष सुनावले. त्यांच्या माहितीसाठी नमूद करतो की, खोड जिथे मुळात उतरते तिथे लाकडाचे रेषे स्वतःच वळलेले असतात. तिथून काढलेला खुर्चीचा हात तुटत नाही, ठोकायची लाकडी मोगरी फुटत नाही. सरळ फळीतून कापलेले वळण मात्र पहिल्या झटक्याला मोडते. लिपिकांच्या खुर्चीचा डावा हात सुतळीने बांधलेला आहे, तो पाहून खात्री करावी. अर्थात बुडखा नुसता कापून चालत नाही. मुळे वाढताना खडे पोटात घेतात, त्यावर करवतीचे दात जातात. म्हणून आधी खणायचा, धुवायचा, मग टोकांना मेण लावून दोन वर्षे सावलीत ठेवायचा. आपल्या फायलींना जी वागणूक मिळते, जवळपास तीच.

४. हे सर्व मला येते असा समज कृपया करून घेऊ नये. मला फळ्या येतात. मुळांचे काम माझ्या वडिलांचे. त्यांचे वय त्र्याऐंशी. ते बुडख्यावर मोगरी ठोकतात, कान लावतात आणि कुठे पोकळ, कुठे खडा, कुठे रेषे वळले हे ओळखून खडूने खुणा करतात. करवत त्या खुणांवरून चालवायची. मला शिकवण्यासाठी त्यांनी जन्मभर जीव आटवला आणि मी यंत्रावर फळ्या कापून शहाणा झालो. दोन वर्षांपूर्वी त्यांना न विचारता मी एक बुडखा चिरला. नेमका वळणाला आडवा गेलो आणि हाती तुकडे आले. ते एवढेच म्हणाले, “आधी ऐकायचं असतं रे.” त्या दिवसापासून मला शिकायचे आहे. हे इतक्या उशिरा सुचल्याची मला लाज वाटते, तसे प्रतिज्ञापत्र लागत असल्यास तेही देईन.

५. गेल्या महिन्यात वडिलांचा डावा कान पूर्ण गेला. उजव्याचा डॉक्टर फारसा भरवसा देत नाहीत. मागील सोमवारी मी त्यांना हात धरून कठड्यापर्यंत नेले. ते वाकून मोगरी उचलतात तोच रखवालदार आडवा आला. “आजोबा, माझी नोकरी जाईल हो,” म्हणाला. तोही खोटे बोलत नव्हता. वडील परत फिरले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

६. सबब मी माझी मागणी कमी करीत आहे. बुडखा राहू द्या. कठडा, पाटी, माळी, दोन बादल्या, सगळे राहू द्या. फाईल आपल्या सवडीने टेबलावरून टेबलावर फिरू द्या. मला फक्त एक सकाळ हवी. वडील ठोकतील, मी शेजारी कान लावून बसेन. खडूने झाडास इजा होत असल्याचा नियम असल्यास कलमासह कळवावे. खुणा पुसल्या जातील म्हणून मी त्या कागदावर उतरवून घेईन आणि आपली सही होईल तेव्हा कापीन, मग ती कधीही होवो.

७. हा अर्जही नेहमीप्रमाणे तीन महिने भिजत पडणार असेल, तर उत्तराची तसदी घेऊ नये. बुडखा मला पुढेमागे मिळेलही. तो दुकानात आणून मी त्यावर मोगरी ठोकत बसेन. मला काहीही कळणार नाही, आणि माझे दोन्ही कान शाबूत आहेत.

आपल्या दाराबाहेरच्या बाकावर तीन अर्जांइतका म्हातारा झालेला,
आपला नम्र,
(सही)
सुतार, बुडख्यासमोरचे दुकान

दिनांक : आवक खिडकीवर शिक्का बसेल तो

सोबत :
१) आधीच्या तीन अर्जांच्या प्रती.
२) आपली दोन्ही पत्रे, एकाच टाचणीत.
३) वडिलांच्या उजव्या कानाचा तपासणी अहवाल.
४) खडू, नग एक, तपासणीसाठी. परत मिळावा.