खिडक्यांचा टप

अम्मी, जीपवरची ताडपत्री मी कायमची उतरवली. आता वर अ‍ॅल्युमिनियमचा पक्का टप आहे. पाणी आत येत नाही, वाऱ्यानं फडफड होत नाही. जीप म्हटल्यावर तू आधी कपाळाला हात लावशील, कारण तू गेलीस तेव्हा आपल्या घरात एकच सायकल होती आणि तिचीही चेन रोज उतरायची. पण खरंच जीप आहे, जुनी आहे, चिखलात चारही चाकांनी जोर लावणारी आहे, आणि ती मीच चालवते. बाजार अजून तेच आपले, सावली, आरमोरी आणि मधली जंगलातली गावं, जिथं पावसाळ्यात साधी गाडी फसते. ब्रह्मपुरीचं बांगड्यांचं दुकान तुझा नातू बघतो, बाजार मी करते. घरात आपण हिंदीच बोलायचो, पण लिहायला बसलं की मला शाळेतली मराठीच सुचते, आणि तुझं बोलणं आठवलं की बाजारातलंच आठवतं, अगदी आपल्या झाडीपट्टीतलं. तर जसं येईल तसं लिहिते. समजून घे.

हा टप निवडायला मला अख्खा उन्हाळा लागला. हसू नको. चंद्रपूरला एक वर्कशॉप आहे, तिथं जुन्या जीपांना असे टप बनवून देतात. तिथल्या मिस्त्रीनं मला दोन नमुने दाखवले. एक दोन्ही बाजूंनी बंद. आत कप्पेच कप्पे, प्रत्येक कप्प्यात खाली रबर, म्हणजे काच हलणार नाही. बाजूचा पत्रा वर उचलून दांडी लावली की झालं दुकान उघडं, गिऱ्हाइकाच्या डोक्यावर सावलीसुद्धा. दुसरा खिडक्यांचा. सरकत्या काचा, मागं दार, आत समोरासमोर दोन बाकं. बाकं आली की माल अर्धा. मी मिस्त्रीला विचारलं, लोखंडाचा का नाही? तो म्हणाला, "ताई, लोखंडाचा बसवान तं गाडी वरून जड होते. नाल्याच्या उतारात कलंडन एखाद्या दिवशी. हा हलका आहे, दोघांनी धरला तं उचलते. फांदी लागली तं पोचा पडंन, पण गंज नाई धरणार." मी म्हटलं, उन्हात तापत असेल. "तापते ना. चंद्रपुरात का नाई तापत, ताई? आतून फोमचा थर देऊ." मग स्वतःच म्हणाला, "तुमचा माल काचेचा. जास्त डोकं नका लावू, बंदवाला घ्या."

तुझा नातूही तेच म्हणत होता. "अम्मी, बंदवालाच घे. लोकांले बसवू बसवू तू जीपची काळीपिवळी करून टाकली. त्यांच्या टोपल्या आपल्या मालावर, त्यांच्या कोंबड्या आपल्या मालावर." पोरगं खोटं बोलत नव्हतं. ताडपत्रीच्या फटीतून पाणी गळायचं, खोके भिजून फुगायचे, आणि रोज घरी येऊन पाहावं तर डझन-दोन डझन बांगड्या वाढलेल्या. फुटल्या असं लिहायचीसुद्धा अजून माझी हिंमत होत नाही. लहानपणी एकदा तो शब्द तोंडातून निघाला होता, तेव्हा तू गिऱ्हाइकासमोर माझ्याकडे जे पाहिलं होतंस ते मी विसरले नाही. तर हिशेबानं बंद टपच बरोबर होता. तरी मी प्रत्येक वेळी "कळवते" म्हणून उठून यायचे. मिस्त्रीला वाटलं बाई भाव पाडते आहे. पोराला वाटलं म्हातारपण आलं.

खरं कारण तुला सांगते. गेल्या पावसाळ्यात एका बाजारावरून मी एकटी परत येत होते. आभाळ भरून आलं म्हणून रोज माझ्या जीपनं येणाऱ्या बाया लवकर निघून गेल्या होत्या. नाला ओलांडून चढावर आले आणि जीप बंद पडली. उजेड उतरत होता. फोनला रेंज नाही. वाघ दिसला नाही, हे आधीच सांगते, नाहीतर तुझा जीव टांगणीला लागेल. पण चितळ ओरडलं, मग माकड खाकरलं, आणि मग सगळं असं चूप झालं की मला ताडपत्रीवरून ओघळणारं पाणी ऐकू यायला लागलं. बाजूची ताडपत्री हातभर फाटलेली होती. खाली उतरून बॉनेट उघडायचं होतं, तेवढंच काम. पण पाय उचलेना. मी स्टिअरिंग धरून बसून राहिले आणि तुला हाका मारल्या, मोठ्यानं, लहान पोरीसारख्या. मग धानाचं रोवणं आटोपून निघालेल्या बायांचा ट्रॅक्टर आला. त्यांनी जीप ओढून दिली, मी त्यांच्यासोबत हसलेसुद्धा. घरी आल्यावर सांगितलं, बॅटरीनं दगा दिला.

त्यानंतर मी एकेक लांबचा बाजार सोडत गेले. खांदा दुखतो म्हणायचे. दुखतोही, पण बाजार सोडण्याइतका नाही. त्यामुळे टप कोणता घ्यायचा हे माझ्यापुढं कोडंच नव्हतं, अम्मी. बाजार करायचे की सोडून द्यायचे, हे होतं. बंद टप घेतला की मागं माणूस नाही, मी आणि माझ्या बांगड्या. त्या चढावरून मी तशी चार वेळा गेले असते, पाचव्या वेळी दुकानात जाऊन बसले असते, आणि दुकानात बसून मी काय करू? तिथं बाया बोट दाखवून पाकीट घेतात आणि निघून जातात. हात कोणी पुढं करत नाही. बाजारात अजून करतात. अजून बांगड्या भरून झाल्या की एखादी म्हातारी मला हात जोडते, तुला जोडायच्या तशी. ते गेलं तर माझ्यापाशी उरलं काय? आणि हे सांगावं कोणाला? सगळा बाजार मला वाघीण म्हणतो. आता वाघिणीनं कुठं जाऊन रडायचं?

असंच एकदा वर्कशॉपच्या बाकावर चहा घेऊन बसले होते, आणि मला फाट्यावरची तू आठवलीस. मी सातवी-आठवीत असेन. दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी आपल्याला आतल्या गावी मुक्कामाला जायचं आहे. काळीपिवळीवाल्यानं आपल्याला फाट्यावर उतरवलं आणि तो गेला. पुढं सगळी जंगलाची वाट, पायी. दिवस कलला आहे आणि तू निघायचं नावच घेत नाहीस. मोहाच्या झाडाखाली पेटी ठेवतेस, उघडतेस, जसं काही बाजार आता भरणार आहे. डोक्यावर गाठोडं घेऊन एक बाई येते. तू तिला हाक मारतेस, "इकडं ये वं बाई, हात पाहू तुया."

"माह्यापाशी पैसे नाई."

"मांगतले कोणं? हात तं दे."

आणि तू तिचा हात मांडीवर घेऊन बांगड्या भरायला लागतेस. एरवी पापणी लवते न लवते तोवर डझनभर भरणारी तू, त्या दिवशी एकेक बांगडी अशी चढवतेस की मला राग येतो आहे. तिची पोरं किती, सासर कुठलं, धान कसं आहे, सगळं विचारून घेतेस. तेवढ्यात दुसरी येऊन उभी राहते. तिचाही हात तू धरतेस. मग तिसरी. मग शेळ्या घेऊन एक म्हातारा येतो आणि तोही टेकतो. मग तू पेटीचं झाकण लावतेस आणि म्हणतेस, "चला वं, निघू सगळे."

मी तणतणत होते. फुकटात माल गेला आणि वर अंधार पडायला आला. मी म्हटलं, "मी एकटी गेली असती. मले नाई लागत भेव," आणि ताडताड पुढं निघून वळणापार गेले. तू धावत आलीस, वेणी धरलीस, आणि त्या सगळ्यांसमोर मला झापलंस. "भेव नाई लागत म्हणते! मोठी आली! मले लागते. रोज लागते. लागते म्हणून चार माणसं जमवतो, न् जमवतो म्हणून घरी पोचतो. हात हातात असला तं माणूस पळून जाते का?" बाया हसल्या. गाठोडेवाली म्हणाली, "बाई, आमाले का नाई लागत? आमीबी म्हणूनच थांबलो नं."

त्या दिवशी मला तुझी लाज वाटली होती. आपली आई चार लोकांत म्हणते, मला भीती वाटते. मी तोंड फुगवून चालत राहिले, मधोमध, कारण तू मला मधोमध घातलं होतंस. आज समोर असतीस तर तुझे हात डोळ्यांना लावले असते. किती संध्याकाळी तू मला अशी घरी आणलीस! मला वाटायचं, माझी अम्मी लोभी आहे, अंधार पडेपर्यंत धंदा करते. आणि तू माझ्यासाठी माणसं गोळा करत होतीस.

चहाचा ग्लास खाली ठेवला आणि मिस्त्रीला सांगितलं, खिडक्यांचा कर. तो म्हणाला, "पक्कं? मांगं बसणार कोण?" मी म्हटलं, बाजारच्या म्हाताऱ्या. मग मात्र मी त्याला सोडलं नाही. खिडकी खाली घे, त्यांचं डोकं इथवरच येतं. मागं पायरी कर, लुगडं नेसून चढावं लागतं. आत धरायला दांडी दे. टपावर टोपल्यांसाठी जाळी दे. आणि माझ्यासाठी ड्रायव्हरच्या पाठीमागं रबर लावलेला एक उभा कप्पा, निम्म्या मालाचा. टप चढवल्यावर मी आत बसले आणि त्याला वरून पाइपानं पाणी सोडायला लावलं. खिडकीच्या एका कोपऱ्यातून थेंब आला, तर त्याला रबर पुन्हा बसवायला लावलं. तो म्हणाला, "ताई, तुमच्यासारखे दोन गिऱ्हाईक आले तं मी दुकान बंद करीन." घरी पोरानं दोन जेवणं अबोला धरला. "तुले लोकांचा लय पुळका," म्हणाला. मी म्हटलं, आहे पुळका, वाढू का भात?

आणि गेल्या आठवड्यात मी सोडलेल्या बाजारांपैकी पहिल्या बाजाराला गेले. परत येताना जीप भरली. आपल्यासोबत बांबूचे कोंब, वास्ते, विकायला बसणारी एक म्हातारी असते, तीही मागं चढली. तू असतीस तर तिच्याशी रोज भांडली असतीस आणि रोज तिचे वास्ते घेतले असतेस. वाटेत पाऊस लागला. मिस्त्रीनं फोम लावला तरी पत्रा तो पत्राच, अम्मी. असा वाजत होता की शेजारणीशी बोलायलासुद्धा ओरडावं लागत होतं, आणि सगळ्याच ओरडत होत्या. नाला आला. तोच चढ आला. माझे हात स्टिअरिंगवर तसेच आवळले. मागून म्हातारी ओरडली, "ही हाय म्हणून आपल्याले भेव नाई वं! वाघीण हाय आपली!"

मी म्हटलं, "मले लागते, आजी."

"काय म्हनली?"

"मले भेव लागते!"

पावसामुळं ते मी इतक्या जोरात ओरडले की पार मागच्या दारापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं. मला वाटलं, संपलं आता. म्हातारीनं दांडी धरली, ओलं लुगडं सावरलं, आणि चालत्या जीपमध्ये दोन सीटांच्या मधून पाय टाकून धपकन माझ्या बाजूच्या सीटवर येऊन बसली. "येडे, तं आधी सांगाचं नाई का? मांगं काहाले बसवलं मंग मले?" मग ती समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहत, तिच्या सुनेच्या तक्रारी सांगत बसली. चढ कधी संपला ते मला कळलं नाही. आता समोरची सीट तिची आहे. दुसरी कोणी बसली तर हाकलते. सोडलेले सगळे बाजार मी परत धरले आहेत.

हे तुला कुठं पाठवू? कब्रस्तानात नेऊन ठेवलं तर तिथल्या बकऱ्या कागद ठेवत नाहीत. राहू दे घरातच. पण एक सांगायचं आहे, कारण तुझ्याएवढी हिंमत अजून माझ्यात आलेली नाही. त्या म्हाताऱ्यांना सांगितलं, तुझ्या नातवाला सांगितलं नाही. त्याचा राग आता गेला आहे. दुकानात कोणी नव्या टपाचं विचारलं की तो सांगतो, आमच्या अम्मीचा जीव मोठा, निम्मा माल कमी केला पण म्हाताऱ्यांना पायी जाऊ देत नाही. मोठ्या अभिमानानं सांगतो. आणि मी तिथंच गल्ल्यामागं उभी असते, ऐकून घेते.