हातचाकाचा पाव फेरा

तबरीज, सोमवार

प्रिय सोलमाझ,

तुझी चिठ्ठी मिळाली. याशारचं लोखंड कापायचं मिलिंग मशीन विकत घ्यायचं म्हणून त्याच्या कारखान्यातला एल्दार गुरुवारी ते बघायला येणार आहे. त्याला दाखवायला 'मशीन ठणठणीत आहे' अशा दोन ओळी मी माझ्या हाताने लिहून द्याव्यात, असं तू म्हणतेस. मी तंत्रशाळेत शिकवतो, तेव्हा माझ्या शब्दावर तो डोळे मिटून मशीन घेईल आणि तुझ्या तळघरात येऊन ठोकठाक करत बसणार नाही. फक्त दोन ओळी. गेले तीन दिवस मी टेबलाशी बसतो आणि उठतो. तुझं घर माझ्यापासून पायी वीस मिनिटांवर आहे. याशार गेल्याच्या चाळिसाव्या दिवसानंतर मी तीनदा तुझ्याकडे येऊन गेलो आणि तिन्ही वेळा तुझ्या हीटरविषयी बोलून परतलो. तोंडाने जमत नाही, म्हणून कागद घेतला आहे. हे शेवटपर्यंत वाच, मग काय ते ठरव.

उन्हाळ्यात याशारने कारखाना सोडला ते दिवस आठव. बारा वर्षं संगणकावर चालणारी मशीनं सांभाळून तो कंटाळला होता. घरच्या तळघरात बसून बुटांच्या तळव्यांचे साचे करायचे, कुणाची घंटा नाही, कुणाचा साहेब नाही, एवढंच त्याला हवं होतं. तू म्हणाली होतीस, तळघरात माझी लोणची असतात, लोखंड आणणार असशील तर लोणच्यांना तुझ्या आईकडे धाड. तो म्हणाला होता की आईने नापास केलेल्या लोणच्यांना ती घरात घेणार नाही. आठवडाभर तू त्याच्याशी बोलली नव्हतीस आणि आठव्या दिवशी स्वतःच बरण्या उचलून वर आणल्या होत्यास.

मशीन निवडायला तो मला घेऊन गेला, कारण निवडायचं कसं हे मी पोरांना दरवर्षी शिकवतो. पहिलं होतं नवंकोरं, बाकावर मावणारं, हिरवं चकचकीत. याशारने त्याच्या खांबाला तळहाताने ढकलून पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाला, हे लोणी कापायला चांगलं आहे. दुकानदार म्हणाला, मग लोण्यापासून सुरुवात करा, लोखंड कुठे पळून चाललंय? दुसरं एका बंद पडलेल्या कारखान्यातलं, दीड टनाचं. ते बघून तो घोड्याभोवती फिरावं तसा त्याच्याभोवती फिरला. घरी आल्यावर तळघराचा जिना मोजला. टेपचं दुसरं टोक तू धरलं होतंस. अकरा पायऱ्या, छताला डोकं लागेल अशी उंची, आणि घरात तीन फेजची वीजही नाही. टेप गुंडाळताना तो म्हणाला, सोलमाझ, घर विकू आणि मशीनमध्ये राहू.

तिसरं जुने कारागीर उस्ता कुदरत यांचं. उस्तांना जाऊन एकोणीस दिवस झाले होते. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं मशीन चादर पांघरून उभं होतं. ना फार मोठं, ना खेळणं. वरचं डोकं सुटं करून जिन्याने उतरवता येईल असं, आणि घरच्या विजेवर चालणारी मोटर उस्तांनी स्वतः बसवलेली. चादर काढल्यावर मशीनच्या, काम बांधायच्या टेबलावरचं तेल अजून ओलं दिसत होतं. उस्तांच्या पत्नी रुबाबे खानमनी चहा आणला, मेलेल्या माणसाच्या नावाचा हलवा आणला. मी खिशातून सैलपणा मोजायचा डायल काढला. टेबल आणि कटर फिरवणारा स्पिंडल तपासल्याशिवाय मी कधी कुणाला होकार देत नाही. खानमनी तो पाहिला. त्यांचा आवाज चढला नाही, उलट जरा हसल्यासारखा झाला. "तीस वर्षं या मशीनने आमच्या घरात भाकरी आणली, मास्तर. आता उस्ता गेल्यावर तुम्ही त्याची नाडी बघणार?"

याशारने माझ्या हातावर हात ठेवला. "दादा, ठेवा ते. उस्तांची वस्तू आहे."

मी डायल खिशात ठेवला. सुतकाच्या घरात मेलेल्याच्या हत्यारावर शंका घ्यायची नाही, हे तुला मी काय सांगायचं? आपले वडील गेले तेव्हा त्यांची हातगाडी घ्यायला आलेल्या माणसाने चाक दाबून पाहिलं, म्हणून आईने त्याला दारातून परत पाठवलं होतं. पण खानम साखर आणायला आत गेल्या आणि याशार भिंतीवरचा उस्तांचा फोटो बघत होता, तेव्हा मी लांबीच्या बाजूचं हातचाक एका बोटाने फिरवलं. मग उलट फिरवलं. पाव फेरा होईपर्यंत टेबल जागचं हललं नाही. टेबल ओढणाऱ्या लांब स्क्रूवर पितळेचं नट असतं, ते झिजलं होतं. खानम साखर घेऊन आल्या. मी हात मागे घेतला आणि हलवा फार छान झालाय म्हणालो.

त्या दिवसाची माझी वही मी काल काढून पाहिली. तुला ठाऊक आहे, मी कसली कसली नोंद करतो ते. चहात वेलची होती हे लिहिलं आहे. खिडकीत जिरेनियमच्या तीन कुंड्या होत्या, हेही आहे. मशीनबद्दल लिहिलंय, 'चांगलं, वयाच्या मानाने.' पाव फेऱ्याचं काही नाही. म्हणजे त्या संध्याकाळी घरी बसून, एकटा असताना, कुणाच्या भावना दुखावणार नव्हत्या तेव्हाही मी ते लिहिलं नाही. रस्त्यात याशारला सांगता आलं असतं. पण तो इतका खूश होता. आणि सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, तिथे का नाही बोललात?

इथवरचं हे रिवाजाच्या नावावर घालता येईल, आणि मी बरेच दिवस घातलंही. पुढचं घालता येत नाही. मशीन तळघरात उतरल्यावर तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. हसत बोलत होता. पहिला साचा निघाला, सोलमाझने त्यात पाय घालून बघितला म्हणाला. मग म्हणाला, "दादा, हातचाक जरा सैल लागतंय. हाताच्या मशीनला असं असतं का?"

मी म्हणालो, "जुन्या मशीनला एवढं असतंच."

तो बरं म्हणाला. माझ्या शब्दापुढे त्याने कधी दुसरा शब्द काढला नाही. त्या क्षणी मला सगळं माहीत होतं. नट उघड, नवं करून घे, आणि तोवर कटर फिरतं त्याच दिशेने काम सरकवू नकोस, एवढं एक वाक्य होतं. कारखान्यातल्या मशीनच्या स्क्रूला सैलपणा नसतो, तिथे त्याच दिशेने कापायची रीत आहे, काम गुळगुळीत निघतं. बारा वर्षांची ती सवय त्याच्या हातात आहे, हेही मला माहीत होतं. पण हे वाक्य बोललो असतो तर मी ते खानमच्या घरीच पाहिलं होतं, हे त्याला कळलं असतं. मी त्याला विचारलं, तळघरात ओल येते का?

नट सैल असलं आणि काम त्या दिशेने सरकवलं, की कटर कामाला पकडतं आणि तेवढा पाव फेरा टेबल एका हिसक्यात ओढून घेतं. कटर तुटतं. त्याचा तुकडा कुठे गेला ते मी तुला सांगायला नको. जिन्यावरून पहिली तू उतरलीस.

सातव्या दिवशी तुझे सासरे सगळ्यांसमोर म्हणाले, बटणं दाबणाऱ्या हातांना वाटलं आपल्याला लोखंड कळतं. मी चहाच्या पेल्याकडे बघत राहिलो. आणि तुझ्या या चिठ्ठीतही तू लिहिलंस, 'मूर्खपणा त्याचा, निस्तरतेय मी.' त्याचा फोटोही तू भिंतीवरून उतरवलास, हे मी मागच्या खेपेला पाहिलं. खिळा तसाच आहे. तुला राग आहे, आणि तो चुकीच्या माणसावर आहे. हे मला चाळीस दिवसांहून जास्त काळ ठाऊक होतं आणि मला ते सोयीचं होतं. हे लिहिताना माझी मलाच किळस येते, पण ती किळस दाखवून तुझ्याकडून काही मिळवावं असं माझ्या मनात नाही.

नवं नट घडवून बसवायला अर्धा दिवस लागतो. मूठभर पितळ. आमच्या शाळेत दुसऱ्या वर्षाची पोरं करतात.

गुरुवारी एल्दार येईल. तू काळ्या कपड्यांत दार उघडशील, चहा ठेवशील, आणि तो याशारच्या बरोबरीने काम केलेला भला माणूस आहे, म्हणून त्या मशीनला बोटही लावणार नाही. त्याच्याही हाताला तीच सवय आहे, त्याच कारखान्यातली. मी आलो तर पुन्हा गप्प बसेन अशी मला भीती वाटते, म्हणून मी येणार नाही. चहा ठेवण्याआधी त्याला तळघरात ने, ते हातचाक त्याला फिरवायला लाव आणि हा कागद त्याच्या हातात दे. त्याने पूर्ण पत्र वाचलं तरी चालेल. तुझ्या सासऱ्यांनीही वाचावं. मशीन विकलं गेलं नाही, तर त्याचा दोष मला दे. माझ्यासाठी तुझं दार पुन्हा उघडायचं की नाही, तेही तूच ठरव. मी विचारायला येणार नाही. तू मागितलेल्या दोन ओळी या:

या मशीनच्या लांबीच्या हातचाकाला पाव फेरा सैलपणा आहे.
याशारने मला त्याबद्दल विचारलं होतं.

अजून म्हणू देणार असशील तर, तुझाच दादा,
आयदिन