चित्रातल्या लुगड्याचा काठ

रविवार, ६ फेब्रुवारी १९५५

ती बाई माझं लग्न होऊ देणार नाही! आमची लुगडी विकत घेणाऱ्या, इतवारी पेठेतल्या ताराचंद शेटजींनी दिवाळीला बाबांना दिलेलं चित्र — गर्द झाडीत, गवतावर, डाळिंबी लुगड्यातली एक बाई उशाला हात घेऊन पडली आहे. बाबांनी ते बैठकीत टांगलं. मुलगी पाहायला आलेल्यांना काय विचारावं सुचत नाही, मग त्या चित्राचा अर्थ मलाच विचारतात! पहिल्यांदा म्हटलं, झोपली आहे. मी आळशी ठरले. दुसऱ्यांदा म्हटलं, दमली आहे. मी रोगट ठरले.

शनिवार, १२

उद्या उमरेडचे येणार. आमच्यासारखे विणकरच. रुख्माआत्याने पाठ करून घेतलं — "नवऱ्याची वाट पाहून राहिली, असं म्हणजो वं." पडल्या पडल्या वाट पाहते? "तू म्हणजो!"

रविवार, १३

कोणी काही विचारलंच नाही! मी पोहे घेऊन उभी, आणि मुलाचे वडील जागेश्वरजी चित्राला नाक लावून. "काठ करवती हाय." बाबा उसळले — "चष्मा लावा! रुईफुल हाय ते!" करवतीचे दाते की रुईची फुलं — अर्धा काठ पानांखाली गेलेला, कळणार कसं? चित्र खाली उतरवलं. दोघेही गुडघ्यांवर. पोहे गार. "उमरेडच्या माणसाले काठ शिकवता का गा?" म्हणत जागेश्वरजी टोपी घालून चालते झाले.

मुलगा, ईश्वरदास, दारात थांबला. चित्राकडे पाहून हळूच म्हणाला, "हे दोघं चूप बसले तं तिले झोप लागन." मी फिस्सकन हसले. सगळ्यांसमोर! आत्याने चिमटा काढला.

मला मुलगा आवडला. झालं, लिहून टाकलं.

सोमवार, १४

बाबा म्हणतात, ज्याला काठ ओळखता येत नाही त्याच्या घरी पोरगी देणार नाही. मी जेवले नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

शुक्रवार, २५

नवं स्थळ. हिंगणघाटचं, किराणा दुकान. बाबा खूश — त्यांना काठातलं काही कळत नाही म्हणे! तेरा मार्चला येणार. खूप रडले.

गुरुवार, १० मार्च

उमरेडहून बाबांच्या नावे पार्सल. डाळिंबी लुगडं — थेट चित्रातलं! एका बाजूला करवती काठ, दुसऱ्या बाजूला रुईफुल. आत ईश्वरदासची चिठ्ठी: "काकाजी, लुगड्याला काठ दोन असतात. आपण दोघे एकावरच भांडलात. मी हे विणायला घेतलं तेव्हा आमचे बाबा आठ दिवस मागाकडे फिरकले नाहीत. नवव्या दिवशी स्वतःच सुताच्या कांड्या भरून दिल्या."

बाबा चष्मा लावून तासभर उलटंसुलटं पाहत बसले. एक धागा चुकलेला सापडेना.

शुक्रवार, ११

सकाळी बाबांनी हिंगणघाटला तार केली — येऊ नका.

लुगडं नेसून दाखवलं. आत्या म्हणाली, "दोन बाजूले दोन काठ! लोकं हसतीन वं, देवकी." हसू द्या!