चोख डांगी

बाबा, परवा गुरांच्या प्रदर्शनात माझ्या डांगी वळूला पहिलं बक्षीस मिळालं आणि माईकवरचा माणूस म्हणाला, "वडिलांनी जपलेलं चोख रक्त लेकीनं पुढे नेलं." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी श्रेय तुमचंच! मी माईक ओढून घेतला आणि सांगितलं, "या गुरांत माझ्या वडिलांच्या गोठ्यातल्या रक्ताचा एक थेंबही नाही." घरी आत्या म्हणाली, "मेलेल्या बापाची अब्रू घालवलीस." कोणी घालवली, बाबा? मी?

शेजाऱ्याचा जर्सी वळू कुंपण मोडून आपल्या गाईंत शिरला, तेव्हा काठ्या घेऊन आपण दोघंच धावलो होतो. त्यातून झालेली कालवड काळी-पांढरी, थेट आईवर गेलेली. पण डांगीच्या कातडीला तेलकटपणा असतो, पाऊस तिच्यावरून निथळून जातो. हिचं अंग कोरडं. ही पारख तुम्हीच मला शिकवली होती. आणि एक दिवस जव्हारकडचे एक म्हातारे शेतकरी दारात येतात. त्यांना शुद्ध कळप उभा करायचा आहे. तुम्ही त्याच कालवडीच्या पाठीवर थाप मारून म्हणता, "चोख डांगी." माझ्याच्यानं राहवत नाही. "काका, हिचा बाप डांगी नाही."

"गप ऱ्हा! ढोरांतला तुला काय कलतं? जा, पाव्हन्यांना पानी आन."

एकोणीस वर्षांची होते मी. पाणी आणलं. ते प्यायले, तुमच्याकडे बघून हसले आणि कालवड घेऊन गेले.

तीन वर्षांनी ते परत आले. डोंगरातल्या पावसात तिची वासरं टिकत नव्हती. तुम्ही आत भाताच्या कणगीमागे उभे होतात. "घरी नाहीत," मी म्हणाले. ते भांडले नाहीत. "पोरी, तू खरं बोललीस. मी माणूस बघून घेतली, गाय बघून घ्यायला हवी होती." तुम्ही हे ऐकलंत आणि जेवायला बसलात. त्याचा राग अजून जात नाही.

तुम्ही गेल्यावर कुठल्या गाईत काय मिसळलंय याचा भरवसा उरला नव्हता. मी सगळी गुरं संकरित आहेत असं सांगूनच विकली आणि एसटीनं जव्हार गाठलं. म्हाताऱ्यांसमोर बसून सगळं सांगितलं. त्यांनी आपली सगळ्यांत चांगली कालवड खुंट्यावरून सोडली आणि तिचं दावं माझ्या हातात दिलं. "खरं सांगायला एवढ्या लांब आलीस, म्हणून देतो." तिच्यापासून हा कळप झाला. प्रत्येक वासराचे आईबाप लिहून ठेवले. एक देखणा खोंड, बापाची खात्री नव्हती म्हणून खच्ची केला. गोठ्याशेजारी उभ्या राहिलेल्या एव्हरशाईन सिटीच्या इमारतींतले लोक आज शेणाच्या वासाची तक्रारही करतात आणि दुधाला रांगही लावतात. नाशिककडचे शेतकरी माझ्या शब्दावर वासरं नेतात. हे नाव मी कमावलंय, तुमच्या वाट्याला मी ते येऊ देणार नाही.

पण एक राहिलं. जव्हारला म्हाताऱ्यांना सगळं सांगताना मी म्हणाले होते, "बाबांनीच मला 'घरी नाहीत' म्हणायला लावलं." तुम्ही लावलं नव्हतं. तुम्ही तोंडही उघडलं नव्हतं. ते मी आपणहून म्हणाले. म्हातारेही आता नाहीत. हे कागद घडी करून ठेवते. पाठवायचं कोणाला?